आधी किल्ल्याकडे पाठ फिरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षांपूर्वी सेलमध्ये एल्डन रिंग घेतला, पंधराएक तास खेळलो, मार्गिट नावाच्या पहिल्याच मोठ्या बॉसने, म्हणजे वाट अडवणाऱ्या तगड्या शत्रूने, तीसेक वेळा लोळवलं, वैतागून गेम उडवून टाकला. आता मित्र पुन्हा मागे लागलेत. नोकरी आहे, घरात लहान मूल आहे, रात्री कसाबसा तासभर मिळतो. पुन्हा हात घालावा का? आणि जुनी सेव्ह पुढे न्यावी की पहिल्यापासून सुरुवात करावी?

हात घाला. जुनी सेव्ह मात्र उघडू नका. दोन वर्षांनी तिच्यात शिरलात तर थेट मार्गिटच्या दारात उभे राहाल. कुठलं बटण कशाचं ते विसरलेलं, पिशवीत काय काय साठवलंय त्याचा पत्ता नाही, आणि समोर तोच शेपटीवाला म्हातारा काठी परजत. दहा मिनिटांत गेम दुसऱ्यांदा उडवाल. ते पंधरा तास वाया गेल्यासारखे वाटतील हे खरं, पण वाट माहीत असलेल्या माणसाला तेवढं अंतर कापायला तीन-चार रात्री पुरतात.

हे तोऱ्यात सांगत नाहीये. वीस वर्षं गेम खेळतोय, तरी २०२२च्या मार्चमध्ये मीही हा गेम सोडला होता, तोही मार्गिटपाशीच. सात महिन्यांनी दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने कंट्रोलर हातात दिला म्हणून परत बसलो. त्यानंतर गेम दोनदा पूर्ण केला. अर्ध्यात सोडलेल्या सहा-सात जणांच्या शेजारी बसून त्यांनाही पुन्हा मार्गी लावलं. प्रत्येकाची पहिली चूक एकच होती, आणि तुमचीही तीच असणार.

ती चूक म्हणजे सोनेरी किरणाच्या मागे चालत जाणं. ग्रेसपाशी, म्हणजे जमिनीवरच्या सोनेरी उजेडाच्या थांब्यापाशी, बसलात की तिथून एक उजेडाची रेघ निघते आणि पुढची दिशा दाखवते. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातल्या पहिल्या काही ग्रेसच्या रेघा तुम्हाला टेकडीवरच्या स्टॉर्मव्हेल किल्ल्याकडे ढकलत नेतात. सुरुवातीला भेटणारा तो पांढऱ्या मुखवट्याचा व्हारेसुद्धा किल्ल्याकडेच बोट दाखवतो. आपल्याला मोबाइलवरच्या नकाशाची सवय. निळी रेघ दिसली की गाडी वळवायची. म्हणून सगळे सरळ किल्ल्याकडे जातात आणि दारात मार्गिटच्या काठीखाली सापडतात. ती रेघ फक्त कथा कुठे आहे ते सांगते. तुम्ही आज तिथे जाण्याच्या लायकीचे आहात का, हे ती सांगत नाही.

खरं तर गेमने इशारा पहिल्या पाच मिनिटांतच दिलेला असतो. गुहेतून उजेडात येता तेव्हा समोरच्या रस्त्यावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फेऱ्या मारत असतो, ट्री सेंटिनल. पहिल्या दिवशी त्याच्याशी भिडणाऱ्याचं काय होतं ते तुम्हाला माहीतच असेल. तो तिथे उभा केलाय तो एवढंच शिकवायला, की दिसला म्हणून प्रत्येकाशी आत्ताच लढायला पाहिजे असं नाही. झुडपांच्या आडून बाजूने निघून जा, पंधरा-वीस लेव्हलनी परत या. मार्गिट हा तोच धडा, जरा मोठ्या अक्षरात.

इथे या गेमची घडण समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. फ्रॉमसॉफ्टवेअर आणि दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांचे आधीचे गेम, २००९चा डीमन्स सोल्स, २०११चा डार्क सोल्स, हेही असेच निर्दय. पण तिथे वाटा मोजक्या. एका बॉसने अडवलं की बहुतेक वेळा त्याच्याशीच डोकं आपटत बसायचं. २०१९च्या सेकिरोमध्ये तर लेव्हल वाढवून ताकद कमावण्याचीही सोय नव्हती. हात तयार झाला तरच पुढे. २५ फेब्रुवारी २०२२ला आलेल्या एल्डन रिंगने मैदान मोकळं केलं. सोपं-मध्यम-कठीण अशी निवड मेनूत इथेही नाहीच. पण तो सोपेपणा नकाशावर विखरून पुरून ठेवलाय, या गुहेत थोडा, त्या पडक्या चर्चमध्ये थोडा. तो वेचत हिंडलात तर मार्गिट मध्यम होतो. न वेचता गेलात तर त्याच्यासारखा राक्षस नाही. तुम्ही पंधरा तास खेळलात तो गेमचा सर्वांत कठीण प्रकार होता, आणि तो निवडला तुम्हीच, नकळत.

आता नव्याने बसाल तेव्हा काय करायचं?

पात्र निवडताना व्हॅगाबाँड घ्या. चिलखत बरं, तलवार सरळ, आणि मुख्य म्हणजे ढाल. साध्या शस्त्राचा वार ती ढाल शंभर टक्के अडवते. स्टॅमिना जातो, रक्त जात नाही. सामुराई दिसायला भारी आहे आणि बरेच जण तोच सुचवतील, पण बुजलेल्या माणसाच्या हातात आधी ढाल पाहिजे. ढालीवर वार झेलल्या झेलल्या जोराच्या वाराचं बटण दाबा, की तुमचा माणूस उलटा तडाखा देतो. गार्ड काउंटर म्हणतात त्याला. लिमग्रेव्हमधले निम्मे शिपाई एवढ्यावर आडवे होतात.

सुरुवातीच्या थडग्याच्या गुहेत एका खड्ड्याच्या काठाशी खुर्चीत भूत बसलेलं असतं आणि उडी मार म्हणतं. मारा. खाली शिकवणी आहे. पहिल्या खेपेला मीही ‘भूत सांगतंय म्हणजे फसवतंय’ असं ठरवून पुढे गेलो होतो, आणि गार्ड काउंटर नावाची गोष्ट असते हे मला वीस तासांनी कळलं.

बाहेर पडलात की चर्च ऑफ एले. तिथे शेकोटीपाशी बसलेल्या व्यापाऱ्याचं नाव काले. आमच्या ग्रुपमध्ये तो पहिल्या दिवसापासून काळेकाका आहे. काळेकाकांकडून ३०० रून्सचं क्राफ्टिंग किट घ्या. रून्स म्हणजे शत्रू मारून मिळणारं इथलं चलन, लेव्हलही त्यावरच वाढते. पुढे गेटफ्रंटच्या अवशेषांपाशी ग्रेस पेटवा. मेलिना येते, टॉरेंट हा घोडा देते, लेव्हल वाढवायची सोय होते. तिथेच खांबापाशी नकाशाचा तुकडा आहे. तळघरात पेटीत व्हेटस्टोन चाकू आहे, तोही घ्या.

आणि मग, घोडा मिळाल्यावर, काळेकाकांच्या चर्चमध्ये परत या. हे पाऊल बहुतेकांचं चुकतं, कारण रेघ पुढे बोलावत असते. भिंतीवर मोठ्या टोपीतली रेना बसलेली दिसेल. ती एक घंटी देते आणि तीन लांडग्यांच्या आत्म्याची राख देते. बॉसच्या खोलीत घंटी वाजवली की तीन लांडगे तुमच्या बाजूने तुटून पडतात. तुम्ही एकटे मार खात होतात, त्यातला अर्धा मार आता त्यांच्यावर जातो. स्टॉर्महिलच्या झोपडीत लाल झग्यातली रॉडरिका बसते, तिच्याशी बोला. ती जेलीफिशची राख देते. ही जेलीफिश चिवट असते आणि विषही टाकते. लांडगे आधी वापरा, ते लवकर मरत असतील तर जेलीफिश.

राख वापरणं म्हणजे चीटिंग, असं सांगणारे शहाणे तुम्हाला भेटतील. त्यांना चहा पाजा आणि विषय बदला. ज्यांनी गेम केला त्यांनीच ती घंटी दिली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. किल्ल्याकडे पाठ फिरवा आणि दक्षिणेला घोडा सोडा. पूल ओलांडला की वीपिंग पेनिन्सुला लागतं. सतत भुरभुर पाऊस, ओस पडलेली जमीन. या भागाची कोणी फारशी तारीफ करत नाही, पण माझ्या मते दुसरी संधी देणाऱ्यासाठी अख्ख्या गेममध्ये यापेक्षा चांगली तालीम नाही. इथे तीन पडकी चर्च आहेत आणि तिन्हींत एकेक सेक्रेड टिअर मिळतो. प्रत्येकाने औषधाच्या बाटलीचा गुण वाढतो, म्हणजे एका घोटात जास्त रक्त भरतं. चौथा लिमग्रेव्हच्या पूर्वेला थर्ड चर्च ऑफ मारिकामध्ये, शिवाय तिथेच फिझिक नावाची जादूची बाटलीही आहे. कुठे सोनेरी पानांचं छोटं झाड चमकताना दिसलं की घोडा वळवा; त्याच्या मुळाशी गोल्डन सीड असतं आणि त्याने बाटल्यांची संख्या वाढते. पेनिन्सुलाच्या टोकाला मॉर्न किल्ला आहे. तिथला सिंहासारखा बॉस चपळ आहे, पण मार्गिटइतका कपटी नाही. त्याला पाडलंत की स्वतःबद्दलचं मत बदलतं.

शस्त्राचं म्हणाल, तर इथेच बहुतेकांचं गणित फसतं. लेव्हल वाढली की आपण स्ट्रेंग्थमध्ये पॉइंट ओततो आणि वार का वाढत नाही म्हणून चरफडतो. सुरुवातीला वार वाढतो तो शस्त्राला धार लावल्याने. आगील तलावाच्या उत्तरेला लिमग्रेव्ह टनेल्स ही खाण आहे, तिथल्या भिंतींत स्मिदिंग स्टोन चमकत असतात. तलवार +१ करायला दोन, +२ला आणखी चार, +३ला आणखी सहा. एकूण बारा दगड. एवढं काम काळेकाकांच्या चर्चमधल्या ऐरणीवर होतं, कुठे लांब जायला नको. स्ट्रेंग्थ तलवार पेलण्यापुरती असली की बास.

मग लेव्हलचे पॉइंट टाकायचे कशात? व्हिगरमध्ये, म्हणजे रक्त वाढवणाऱ्या आकड्यात. डोळे मिटून. व्हॅगाबाँड १५ व्हिगरवर सुरू होतो आणि रक्त असतं साधारण सव्वापाचशे. व्हिगर २५ केलंत की ८००. पुढे ४०वर १४५० होतं. त्यापलीकडे वाढ मंदावते आणि ६०नंतर जवळजवळ थांबते. मार्गिटआधी २५ गाठा. पंधरा तासांनी सोडून गेलेल्यांच्या सेव्ह मी उघडून बघितल्यात. एकजात व्हिगर १५ किंवा १६. दोन फटक्यांत मरायचं ठरवूनच खेळले होते बिचारे. आणखी एक आकडा: अंगावरचं वजन ७० टक्क्यांच्या खाली ठेवा. वर गेलं की रोल मारताना, म्हणजे वार चुकवायला कोलांटी घेताना, माणूस पोत्यासारखा पडतो. जड चिलखत सापडलं म्हणून हौसेने घालून फिरू नका.

यूट्यूबवर दुसराच सल्ला मिळेल: घोडा थेट पूर्वेला पळवा, झोपलेल्या म्हाताऱ्या ड्रॅगनला भोसकत बसा, हजारो रून्स घ्या आणि अर्ध्या तासात लेव्हल चाळीस. चालतं ते, नाही असं नाही. पण माझ्या एका मित्राने तसं केलं आणि तो चाळीसाव्या लेव्हललाही मार्गिटकडून मरत राहिला, कारण बाटल्या तीनच, तलवार बिनधारेची, आणि हाताला वळण काहीच नाही. एवढं करून हरल्यावर तो जास्तच खचला.

हाताचं वळण म्हणजे काय, ते मार्गिटवरच दाखवतो. भाच्याला शेजारी बसवून मी त्याचा अंगठा बघत होतो. मार्गिट काठी डोक्यावर उचलतो. उचलल्या क्षणी भाच्याचा अंगठा रोलच्या बटणावर. रोल संपतो, भाचा उठून उभा राहतो, आणि तेव्हा कुठे मार्गिट काठी खाली आणतो. बरोब्बर डोक्यात. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मार्गिट वार धरून ठेवतो. कबड्डीत कसलेला पकडीवाला चढाई करणाऱ्याला आत येऊ देतो ना, तसा तो तुमच्या घाईची वाट बघतो. मी भाच्याला सांगितलं, पुढचे तीन डाव वारच करायचा नाही. फक्त बघायचं. काठी वर गेली की मनात ‘एक, दोन’ म्हणायचं, आणि त्याचा खांदा खाली यायला लागला की मग रोल. तोही मागे नाही, पुढे, त्याच्या काखेखालून. मागे सरकलं की काठीचा टप्पा गाठतोच. पुढे गेलं की त्याची पाठ आपल्या समोर येते. तिसऱ्या डावात भाचा दीड मिनिट एकही फटका न खाता टिकला. वार शून्य, पण चेहरा असा की बोर्डात नंबर आलाय.

दोन बारकावे अजून. लांब उभे राहून औषध प्यायलात की तो सोनेरी खंजीर फेकतो, म्हणून बाटली त्याने मोठा वार संपवल्यावर उघडायची, भीती वाटली म्हणून नाही. आणि रक्त अर्ध्याच्या आसपास आलं की तो हवेतून सोनेरी हातोडा काढतो. तिथून त्याचे वार लांबतात, तेव्हा लांडगे त्याआधीच मरणार नाहीत अशा बेताने तुम्हीही अंगावर थोडं घ्या. तरीही नाहीच जमलं, तर मर्कवॉटर गुहेत पॅचेस नावाचा लबाड भेटतो. त्याला जिवंत सोडलंत तर तो ५००० रून्सना मार्गिटची बेडी विकतो, तिने पहिल्या टप्प्यात मार्गिट काही क्षण जमिनीला खिळून राहतो. आणि बॉसच्या दाराशी जमिनीवर सोनेरी खूण दिसेल. ती स्पर्शून रॉजियर नावाच्या जादूगाराला मदतीला बोलावता येतं.

तासभराचा प्रश्न. या गेमला पॉझ नाही असं म्हणतात आणि ते जवळपास खरं आहे. एक पळवाट आहे: इन्व्हेंटरी उघडा, हेल्पचं बटण दाबा आणि ‘मेनू एक्स्प्लनेशन’ निवडा. ती चौकट उघडी असेपर्यंत एकट्याने खेळताना गेम गोठतो. मूल रडायला लागलं की मला हे आठवेल असं आधी वाटलं नव्हतं, आता बोटं आपोआप जातात. बाकी गेम सतत सेव्ह होत असतो, कुठेही बंद करा, तिथूनच पुढे. एका रात्रीला एकच गुहा किंवा एकच कॅटाकोंब (थडग्यांचं भुयार) असं धरा. पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं, शेवटी छोटा बॉस, आणि झोपताना काहीतरी हातात पडलेलं असतं. या गेममध्ये कामांची यादी नावाचा प्रकार नाही, तेव्हा एक जुनी वही जवळ ठेवा आणि कोण काय बोललं ते दोन शब्दांत टिपून ठेवा. आठवड्याने बसलात तर ती वहीच वाचवते. भेटलेल्या माणसांची नावं आता नकाशावर दिसतात हे बरं झालं. अगदी सुरुवातीला तेवढंही नव्हतं, ते २०२२च्या मार्चमधल्या अपडेटने आलं.

मेल्यावर सांडलेल्या रून्सचं दुःख करू नका. परत तिथवर पोचायच्या आत पुन्हा मेलात की ते कायमचे गेले, हा नियम सुरुवातीला जिवाला लागतो आणि माणूस चिडून त्याच खड्ड्यात चार वेळा पडतो. या टप्प्यावर गेलेले रून्स पंधरा मिनिटांत परत मिळतात. बॉसकडे जाण्याआधी सगळे खर्च करून मोकळ्या हाताने जायचं, म्हणजे हरलं तरी काही जात नाही.

आगील तलावाजवळच्या ड्रॅगन-बर्न्ट अवशेषांत तळघरातली पेटी उघडलीत का पहिल्या खेपेला? धूर येतो आणि तुम्ही कुठल्याशा भलत्याच खाणीत जागे होता, आजूबाजूला एका फटक्यात मारणारे किडे. उघड्यावर पोचेपर्यंत नकाशावरून परत उडीही मारता येत नाही. पुष्कळांनी गेम तिथे सोडला. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो: लढू नका, वाकून दबकत बाहेरच्या दिशेने पळा, बाहेरचा पहिला ग्रेस पेटवा आणि लिमग्रेव्हला परत या.

याच्या उलट एक जागा मुद्दाम जाऊन बघा. पूर्वेला मिस्टवूडच्या जंगलात, अस्वलांपासून जपून, एक गोल दगडी इमारत आहे. आत लिफ्ट. ती खाली जायला लागते आणि जातच राहते. मी पहिल्यांदा उतरलो तेव्हा गेम अडकला असं वाटून फोन हातात घेतला होता. मग भिंत संपली. खाली जमिनीच्या पोटात अख्खी नदी, आणि वर, जिथे खडकाचं छत असायला हवं, तिथे जांभळं आभाळ आणि चांदण्या. भाचा मागून म्हणाला, “मामा, हे नकाशात नव्हतं.” त्या रात्री मी काहीच मारलं नाही, नुसता हिंडलो. मला परत आणलं मार्गिटला हरवण्याने नव्हे, या लिफ्टने.

कुठे थांबायचं तेही सांगतो. स्टॉर्मव्हेलचा मालक गॉड्रिक पडला आणि तुम्हाला पुढच्या तळ्याच्या प्रदेशाची ओढ वाटली नाही, तर खुशाल सोडा. तिथपर्यंत तुम्ही गेमला पुरेपूर न्याय दिलेला असेल. शेवटचा बर्फाळ भाग मलाही ताणलेला वाटतो आणि गुहांमधले बॉस पुढे पुढे तेच तेच येतात. २०२४च्या जूनमध्ये आलेली शॅडो ऑफ द अर्डट्री ही पुरवणी आत्ता सेलमध्ये दिसली तरी घेऊ नका. तिच्यात शिरायला मूळ गेममधले राडान आणि मोग हे दोन तगडे बॉस आधी मारावे लागतात, त्याला तुम्हाला कित्येक महिने आहेत.

आणि मार्गिट पडल्यावर उत्साहात किल्ल्याच्या मुख्य दरवाजाने घुसू नका. गोमुखी दरवाजाच्या गडावर समोरून गेलेल्याचं काय व्हायचं ते आपण शाळेत शिकलोय. इथेही वरून बाणांचा मारा तयार आहे. दाराच्या डावीकडच्या खोलीत गोस्टॉक नावाचा फाटका पहारेकरी बसलेला असतो. त्याच्याशी बोला आणि भिंतीतल्या भगदाडातून बाजूच्या वाटेने जा. सल्ला तो बरा देतो. फक्त किल्ल्यात मेल्यावर सांडलेले रून्स परत घेताना थोडे कमी भरतील, तेव्हा गेममध्ये बग आहे असं समजू नका. ते गोस्टॉकने उचललेले असतात.